गायकापुढचा माईक: कार्डिऑइड की सुपरकार्डिऑइड?

मैफलीचं रेकॉर्डिंग करायचंय आणि गायकासाठी एकच बरा माईक घेण्याइतकं बजेट आहे. दुकानात विचारलंत तर बहुधा 'सुपर' घ्या म्हणतील, नावातच सुपर आहे ना! माझं म्हणणं वेगळं आहे. माईक कुठलं ऐकतो ते सगळेच बघतात, तो कुठे बहिरा आहे ते आधी बघा.

कार्डिऑइड समोरचं पूर्ण ऐकतो, ९० अंशांवर, म्हणजे थेट बाजूचं, साधारण ६ डेसिबल कमी, आणि शेपटीकडचं, म्हणजे थेट पाठीमागचं, जवळजवळ नाहीच. १९६६ पासून चालत आलेला शूअरचा एसएम ५८ याच जातीचा. सुपरकार्डिऑइड, म्हणजे त्याच घरचा बीटा ५८ए किंवा सेन्हायझरचा ई ८४५, बाजूचं आणखी कमी घेतो, ९ डेसिबलच्या आसपास. शेजारच्या तबल्याचं लीकेज, म्हणजे गायकाच्या माईकमध्ये शिरणारा त्याचा आवाज, तेवढं घटतं. पण याची पाठ थोडी उघडी असते. सर्वांत बहिरा तो मागच्या दोन तिरक्या अंगांना, १२६ अंशांपाशी.

हे मला पैसे मोजून कळलं. नवा सुपर आणला, मॉनिटर, म्हणजे गायिकेला ऐकू यावं म्हणून तिच्याकडे तोंड केलेला स्पीकर, मात्र जुन्या सवयीने माईकच्या शेपटीसमोर ठेवला. स्पीकरचा आवाज माईकमध्ये फिरून येणारी शिट्टी आली नाही, म्हणून मीही खूश. घरी गायिकेच्या माईकचं रेकॉर्डिंग एकटंच ऐकलं तर आलापामागे तबला डब्यातून वाजल्यासारखा! मॉनिटरमधला तबला माईकच्या पाठीतून शिरला होता आणि थेट आलेल्या तबल्यात मिसळला होता. मॉनिटर दोन हात बाजूला सरकवला असता तर भागलं असतं.

मग ठरवायचं कसं? गाणारा मान डोलावणारा, तानेला तबलजीकडे वळणारा असेल तर कार्डिऑइड. सुपरची समोरची खिडकी अरुंद. तोंड जरा बाजूला गेलं की आवाज पातळ होतो. बसण्याची शिस्त पक्की असेल आणि तबला अगदी खेटून असेल तर सुपर. भजनी मंडळाला तर मी डोळे मिटून कार्डिऑइड सांगेन. तिथे माईक हातोहात फिरतो, आणि कुणीतरी जाळी मुठीत धरतोच. जाळी झाकली की दोघांचंही दिशेचं भान जातं आणि शिट्टी सुरू.

मागे बसलेल्या तानपुऱ्यांचा प्रश्न मात्र दोन्ही सोडवत नाहीत. ते गायकाच्या पाठीशी, म्हणजे माईकच्या अगदी समोर. तिथे माईक तोंडाजवळ घेणं एवढाच उपाय, आणि जवळ घेतला की खर्ज फुगणार, तो मिक्सरवर उतरवायचा.

ऑम्नी, म्हणजे चहूबाजूंचं सारखंच ऐकणारा? गायकासाठी नको. सभागृहाचा घुमारा आणि रसिकांची दाद टिपायला एखादा लांब लावा, स्पीकरमध्ये न सोडता. फिगर-एट ही आणखी एक जात, बाजूला पार बहिरी, पण पाठही समोरइतकीच ऐकते. स्पीकर न लावलेल्या घरगुती बैठकीतच तिची मजा.

कुठलाही घ्या, माईकसोबत येणाऱ्या दिशांच्या आकृतीतल्या अंशांवर विसंबू नका. त्या रेषा सुरांच्या उंचीनुसार बदलतात, आणि डग्ग्याचा घुमार सहसा कागदावर दिसतो त्याहून जास्त शिरतो. साउंड चेकला मॉनिटरमध्ये पेटीचा एक सूर सोडा, हेडफोनवर गायकाचा माईक ऐका आणि कुणाला तरी मॉनिटर हळूहळू सरकवायला सांगा. सूर सर्वांत क्षीण होईल तिथे जमिनीवर टेप मारा.