गोचीड तापावरची 'नैसर्गिक' पुडी : कुत्रा बरा दिसतो, तिथंच घात होतो

कोल्हापुरात पाऊस उघडून ऊन तापलं की कुत्र्यांच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड दिसायला लागतात. मग रंकाळ्यावर कुत्री फिरवायला येणाऱ्यांच्या गप्पांत एखादा नंबर फिरू लागतो : "डॉक्टरकडं नेऊ नका, हा घरी येऊन बरं करतो."

तो येतो तेव्हा कुत्र्यानं खाणं सोडलेलं असतं, अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या, कधी नाकातून रक्त. तो पापणी ओढून बघतो, "लिव्हर गरम झालंय, इंजेक्शनांनी किडनी जाते" असं सांगतो आणि महिनाभराची पुडी, पपईच्या पानांचा रस, रोज लसणाच्या दोन-तीन पाकळ्या असा उपचार ठरवतो. अट एकच, दवाखान्याची औषधं बंद. रक्त तपासायचं नाव नाही. पैसे आगाऊ, पावती नाही.

आठ-दहा दिवसांत कुत्रा भाकरी खायला लागतो. घरची माणसं खूश होऊन तोच नंबर आणखी चौघांना देतात.

हा कुत्रा बरा झालेला नसतो. 'एर्लिकिया कॅनिस' या जीवाणूमुळं होणाऱ्या गोचीड तापाची पहिली अवस्था साधारण दोन ते चार आठवड्यांची असते. पुष्कळ कुत्री ती औषधाशिवायही ओलांडतात. ताप उतरतो, भूक परतते, पण जीवाणू प्लीहेत (पोटातल्या एका अवयवात) लपून राहतो. महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं, वरून काहीच दिसत नाही. मग काही कुत्र्यांत अस्थिमज्जाच निकामी होते. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, तिन्ही घसरतात, आणि तेव्हा योग्य औषध देऊनही हातात फारसं उरत नाही. पुडी आणि मरण यांत एवढं अंतर पडतं की दोन्हींचा संबंध कुणी जोडतच नाही. हा धंदा टिकतो तो याच अंतरावर.

दुसरी शंका पुडीतल्या भेसळीची. लेबल नसलेल्या औषधात स्टेरॉइड असेल तर ताप झटक्यात उतरतो, भूक वाढते, प्लेटलेट्सही थोड्या चढू शकतात, म्हणजे तपासणीचा कागदसुद्धा चांगला दिसतो. कुत्रा अचानक भांडीच्या भांडी पाणी पिऊ लागला, घरात लघवी करू लागला, हावरटासारखा खाऊ लागला, पोट सुटलं, की ही शंका घ्यायचीच.

लसणाबद्दल तर स्पष्टच सांगायला हवं. कांदा आणि लसूण कुत्र्यांच्या लाल पेशी फोडतात. गोचीड तापात रक्त आधीच कमी झालेलं असतं, त्यात हा रोजचा मारा. मांजराला तर लसूण याहून घातक.

आणखी एक डाव डॉक्टरचा कोर्स पूर्ण केलेल्यांवर खेळला जातो. दवाखान्यातली झटपट किट शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं दाखवते. ती उपचारानंतरही महिनोन्‌महिने राहतात, त्यामुळं किट पुन्हा 'पॉझिटिव्ह' येते. "बघा, ॲलोपथी फेल," असं म्हणून पुडी पुढं केली जाते. उपचार लागू पडला की नाही ते कुत्र्याची तब्येत आणि रक्तपेशींची मोजणी सांगते, गरज पडल्यास पीसीआर, म्हणजे रक्तात जीवाणूचाच अंश शोधणारी चाचणी.

एर्लिकियावरचं नेहमीचं औषध डॉक्सिसायक्लिन. वजनाच्या प्रत्येक किलोमागं दिवसाला १० मिलिग्रॅम, २८ दिवस. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला रोज २०० मिलिग्रॅम, एकदम किंवा दोनदा विभागून. खाण्याबरोबर द्यायचं, मागून पाणी पाजायचं, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते. दुधातून देऊ नये, कॅल्शियममुळं औषध नीट शोषलं जात नाही. पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून कोर्स सोडणं ही चूक आपल्याकडं सर्रास होते. पण हे मनानं सुरू करू नका. लघवी कॉफीसारखी होत असेल तर आजार बॅबेसिया या गोचिडातूनच येणाऱ्या दुसऱ्या परजीवीचा असू शकतो आणि त्याची औषधं वेगळी आहेत. म्हणून आधी रक्ताची मोजणी आणि काचपट्टीवरची तपासणी.

शिवाय गोचीड घरातच राहिले तर आजार परत येतो. हा ताप पसरवणाऱ्या गोचिडाची मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. कुत्र्याला डॉक्टरनं ठरवलेलं गोचीडनाशक, आणि फटी, पायपुसणी, कुत्र्याची गोधडी यांची फवारणी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा.

पर्यायी उपचार म्हणजे सगळी लबाडी, असं आमचं म्हणणं नाही. म्हाताऱ्या लॅब्राडॉरच्या आखडलेल्या सांध्यांना व्यायाम, मालिश, वजन उतरवणं याचा खरा उपयोग होतो, आणि काही नोंदणीकृत पशुवैद्यक ॲक्युपंक्चरही करतात. असा डॉक्टर चालू औषधं विचारून घेतो, ती बंद करायला लावत नाही. 'एकतर हे, नाहीतर ते' अशी अट आली की माणसाला दारातूनच परत पाठवा.

त्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यक व्यवसाय नोंदणी असलेल्यालाच करता येतो, आणि पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही असते. महाराष्ट्रातली नोंदणी नागपूरच्या राज्य पशुवैद्यक परिषदेकडं होते. पुडी आयुर्वेदिक म्हणून विकली जात असेल तर तिच्यावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि घटक छापलेले हवेत.

पुडी आधीच सुरू असेल तर आज रात्री रागानं फेकून देऊ नका. स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेलं असेल तर ते एकदम थांबवल्यावर कुत्रा उलट्या करत कोसळू शकतो. उरलेली पुडी पाकिटासकट डॉक्टरकडं न्या आणि किती दिवस, किती चमचे दिलं ते लपवू नका. डोस कसा कमी करायचा ते डॉक्टर ठरवतील. थोडी पुडी, मेसेज आणि ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद मात्र जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडं किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना तेवढाच पुरावा हाताशी असतो.