ब्रिटिश लष्करी गाड्यांची पुनर्मुद्रित पुस्तकं: आठ महिने शेडमध्ये वापरल्यानंतर

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून अर्ध्या तासावर, एका शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौघं मिळून एक डेमलर डिंगो पुन्हा चालती करतोय. डिंगो म्हणजे दोन माणसांची, माझ्या खांद्यापर्यंतही न येणारी चिलखती टेहळणी गाडी. दुसऱ्या महायुद्धात डेमलरने अशा 6,600 हून जास्त गाड्या बनवल्या. डेमलर कॉव्हेंट्रीचीच कंपनी. तिच्या रॅडफर्डच्या कारखान्यावर 1940 मध्ये बॉम्ब पडले, आता त्या जागेवर घरं आहेत. मी रोज ऑफिसला तिथूनच जातो, त्यामुळे या गाडीशी जीव जडायला मला फार वेळ लागला नाही.

गाडी मिळाली तेव्हा तिच्यासोबत एकही कागद नव्हता. म्हणून गेल्या आठ महिन्यांत मी 11 पुनर्मुद्रित पुस्तकं घेतली: चालकाची हस्तपुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या, दुरुस्तीची मॅन्युअल्स, गाड्यांच्या माहितीची जाडजूड डेटाबुकं आणि खुणा-रंगांवरची दोन पुस्तकं. ही सगळी कपाटात न राहता बेंचवर राहिली. खाली लिहिलंय ते ग्रीसच्या हातांनी पानं उलटल्यावरचं मत आहे.

एवढी पुनर्मुद्रणं बाजारात का दिसतात, ते आधी सांगतो. यातलं बरंचसं मूळ साहित्य सरकारी आहे आणि ब्रिटनमध्ये सरकारी प्रकाशनावरचा क्राऊन कॉपीराइट प्रकाशनानंतर 50 वर्षांनी संपतो. म्हणजे 1940च्या दशकात छापलेलं सरकारी पुस्तक आज कुणीही स्कॅन करून, बांधून विकू शकतो. हे आपल्या फायद्याचंच आहे. ज्या हस्तपुस्तिकेच्या मूळ प्रतीला माझ्याकडे 70 पौंड मागितले होते, तिचं पुनर्मुद्रण मला 16 पौंडांत मिळालं. पण ‘कुणीही’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. काही जण प्रत्येक पान निगुतीने स्वच्छ करतात, तर काही जण फोटोकॉपी मशीनमधून निघालेलं तसंच्या तसं छापतात.

फरक सर्वात आधी फोटोंत दिसतो. जुन्या पुस्तकातला फोटो म्हणजे खरं तर बारीक ठिपक्यांची जाळी असते. ती स्कॅन करून पुन्हा ठिपक्यांत छापली की दोन जाळ्या एकमेकींवर बसतात आणि पानभर लाटांसारखी नक्षी उमटते. त्याहून वाईट म्हणजे पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलेलं असणं. मग सावलीतलं सगळं डांबर होतं. माझ्याकडच्या एका डेटाबुकात बेडफर्डच्या 3 टनी क्यूएल ट्रकच्या पुढच्या चाकामागे नुसता काळा डाग आहे. स्प्रिंगही दिसत नाही, शॉक अॅब्सॉर्बरही नाही. तोच फोटो दुसऱ्या एका पुनर्मुद्रणात मूळ छायाचित्रावरून घेतलाय, तर त्यात नटसुद्धा मोजता येतात. दुसऱ्याची किंमत दुप्पट होती. माझ्या मते फोटोंसाठी पुस्तक घ्यायचं असेल तर स्वस्तातलं घेऊच नये, आणि मजकुरासाठी घ्यायचं असेल तर महागातलं घेण्याचं कारण नाही.

आता आमची चूक सांगतो, कारण तीच मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. आमची डिंगो मार्क टू. मार्क म्हणजे त्या गाडीच्या सुधारित मॉडेलचा क्रमांक. सुरुवातीच्या डिंगोची चारही चाकं वळत. मार्क टूपासून फक्त पुढची वळतात. हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की मधल्या मार्क वन-बीपासून इंजिन थंड करणाऱ्या हवेची दिशाच उलटी केलेली आहे. मी घेतलेली भागांची यादी सुरुवातीच्या आवृत्तीवरून छापलेली होती. युद्धकाळात अशा पुस्तकांना दुरुस्तीपत्रकं यायची आणि युनिटमधला कारकून ती योग्य पानावर चिकटवायचा. आमच्या पुनर्मुद्रणासाठी वापरलेल्या मूळ प्रतीत ती पत्रकं चिकटवलेलीच नव्हती. आम्ही आकृती बघून पंख्याभोवतीचं आवरण बसवलं, इंजिन चालू केलं आणि दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल रेषेशी. दोन शनिवार रेडिएटर साफ करण्यात गेले. शेवटी वेगळ्या मूळ प्रतीवरून छापलेलं दुसरं पुनर्मुद्रण मागवलं. त्यात ते दुरुस्तीपत्रक होतं, वाकडं चिकटवलेलं, कडेला कुणाच्या तरी पेन्सिलच्या खुणेसह. ते पान पाहून मला भरून आलं. 1940च्या दशकात कुणीतरी आपलं काम चोख केलं होतं, म्हणून आमचं इंजिन वाचलं.

तेव्हापासून पुस्तक घेण्याआधी मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारतो: मूळ प्रत कोणत्या तारखेची, आणि तिच्यात दुरुस्त्या कोणत्या क्रमांकापर्यंत आहेत? उत्तर देता येत नसेल तर मी पैसे देत नाही.

चालकाच्या हस्तपुस्तिकेची छपाई सामान्य आहे, पण माझं सगळ्यात जास्त वापरलेलं पुस्तक तेच. डिंगोला प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स आहे. दांड्याने गिअर आधी निवडून ठेवायचा आणि मग पायाने पेडल दाबलं की तो पडतो. हे पेडल दिसतं क्लचसारखं, पण क्लच नव्हे. ते अर्धवट दाबलं तर आतल्या स्प्रिंगा पेडल इतक्या जोरात वर फेकतात की नडगीला लागतं. पुस्तिकेने बजावून सांगितलंय की पेडल तळापर्यंत, एका दमात दाबा. पुढे-मागे जायची दिशा वेगळ्या दांड्याने ठरते, त्यामुळे पाचही गिअर उलट्या दिशेनेही मिळतात. शत्रू दिसला की गाडी न वळवता तशीच मागे पळवायची! म्हणून चालकाची सीटही थोडी तिरकी आहे, मान वळवली की मागचं दिसावं अशी. त्या पुस्तिकेतली साधी, आज्ञार्थी वाक्यं मला फार आवडतात. घाईत शिकणाऱ्या विशीतल्या पोराला समजावं, एवढाच त्यांचा हेतू आहे.

आपल्याकडून गेलेल्या वाचकाला दोन गोष्टी अडतात. पहिली वजनाची. पुस्तकांत ट्रक ‘15 हंड्रेडवेट’चा असतो. एक हंड्रेडवेट म्हणजे 112 पौंड, शंभर नव्हे. म्हणजे 15 चे झाले साधारण 762 किलो. ते गाडीचं वजन नसून तिच्यावर लादायच्या मालाचं. दुसरी पान्यांची. व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या, पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नाही. मी मेट्रिकमध्ये वाढलेला माणूस, पहिला महिना चुकीचेच पाने उचलत होतो. एकाही पुनर्मुद्रणाने नव्या वाचकासाठी याचं अर्ध्या पानाचं टिपण जोडलेलं नाही. जोडायला हवं होतं.

भारताबद्दल या पुस्तकांत जे थोडंसं आहे ते मी पुन्हा पुन्हा वाचतो. 1920च्या दशकात भारतासाठी बांधलेली क्रॉस्ली आर्मर्ड कार, तिचा घुमटासारखा बुरूज. पुढे चासी, म्हणजे गाडीचे खालचे सांगाडे, थकल्या तेव्हा तीच कवचं शेव्हरोलेच्या चासींवर चढवली. कॅनडाहून आलेल्या फोर्ड चासींवर आपल्याकडे बांधलेली चाकांची चिलखती कॅरिअर, ज्यांच्या कामात टाटांच्या पोलाद कारखान्याचा हात होता. फोटो अगदी मोजके, आणि नेमके तेच सगळ्यात वाईट छापलेले. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये लहानपणी व्हॅलेंटाइन, चर्चिल आणि रोल्स-रॉइसची आर्मर्ड कार पाहिली होती. आता तिथे राहणाऱ्या मावसभावाला पुस्तकातली पानं पाठवून सांगतो, ‘अरे, या कोपऱ्यातून एक फोटो काढ, रिव्हेट आहेत की वेल्डिंग ते बघ.’ तोही हौशीने जातो. ‘दादा, पाटीवर एवढंच लिहिलंय, बाकी मी मोजून आणलं,’ असा परवा त्याचा निरोप होता. सोबत सोळा फोटो.

रंगांबाबत मात्र पुनर्मुद्रणावर विसंबू नये. ब्रिटिश गाड्या 1942 पासून बऱ्याचशा तपकिरी रंगात होत्या आणि 1944 मध्ये ऑलिव्ह ड्रॅब हा मळकट हिरवा रंग आला. माझ्या दोन पुस्तकांत हाच ऑलिव्ह ड्रॅब एकात शेवाळी तर दुसऱ्यात चॉकलेटी छापलाय. रंगाचं नाव आणि क्रमांक पुस्तकातून घ्या, छटा जुन्या रंगाच्या पापुद्र्यावरून ठरवा.

बांधणीबद्दल थोडक्यात: नुसत्या गोंदाने चिकटवलेली पुस्तकं बेंचवर उघडी राहत नाहीत आणि चार महिन्यांत पानं सुटतात. माझी तीन सुटली. ती मी भोकं पाडून फाइलला लावली, खरं तर जास्त सोयीची झाली. घडीचे मोठे वायरिंग तक्ते मात्र बहुतेकांनी पानाच्या आकारात दाबून छापलेत, भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. एकाने ते दोन पानांवर कापले, आणि मधल्या घडीत नेमक्या चार तारा गेल्या.

मागच्या आठवड्यात गाडीच्या बाजूचा रंग ओल्या पॉलिशपेपरने थर थर करत उतरवत होतो. तिसऱ्या थराखाली पांढऱ्या रंगातलं ‘एफ’ अक्षर दिसलं. युद्धकाळच्या नोंदणीत एफ म्हणजे चिलखती मोटार, टी म्हणजे टँक, एल म्हणजे लॉरी, झेड म्हणजे छोटा ट्रक. एफपुढचे पहिले तीन आकडे आता स्पष्ट आहेत, चौथ्याचा वरचा अर्धा दिसतोय. नोंदणी क्रमांकांच्या पुस्तकात, फिकट छापलेल्या त्या तक्त्यात, या तीन आकड्यांनी सुरू होणाऱ्या डेमलरच्या ऑर्डर दोनच आहेत. ते पान उघडं ठेवून वर काच ठेवली आहे. शनिवारी उरलेला रंग उतरवणार.