पन्नास लाखांत नवी फॉर्च्युनर की तीन-चार वर्षं चाललेली जीएलसी?

आमच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या अंबिया बहाराचा पैसा हातात आला आणि घरात मोठ्या गाडीचा विषय निघाला, की बोलणं फिरून फिरून दोन पर्यायांवर येतं. एक म्हणजे टोयोटाची नवी कोरी फॉर्च्युनर. दुसरा, जवळपास तेवढ्याच पैशात येणारी तीन-चार वर्षं चाललेली जर्मन गाडी, म्हणजे मर्सिडीजची जीएलसी, बीएमडब्ल्यूची एक्स3 किंवा ऑडीची क्यू5. मी या दोन्हींच्या मध्ये बरेच महिने लटकलो होतो आणि शेवटी एक घेतली. कोणती ते पुढे येईलच. इंजिन किती सीसीचं, एअरबॅग किती, हे सगळं तुम्ही आधीच पाहिलेलं असणार, म्हणून ते सोडून देतो.

आधी पैशाचं. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी आणि सेस मिळून असलेला 50 टक्क्यांचा भार 40 वर आला. त्यामुळे फॉर्च्युनरची वरची मॉडेलं ऑन-रोड पन्नाशीच्या आसपास आली. जर्मन गाडी नवी घ्यायची म्हटलं तर अजूनही ऐंशीच्या आगेमागे हिशेब जातो, तो आपल्या आवाक्यातला विषय नाही. पण जीएलसीची नवी पिढी ऑगस्ट 2023 मध्ये आपल्याकडे आली आणि आधीच्या पिढीच्या गाड्यांचे भाव खाली बसले. पहिल्या मालकाने जो घसारा सोसला तो आपला फायदा. शिवाय महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या खासगी डिझेल गाडीला 15 टक्के एकरकमी कर आहे. चाळीस लाखांच्या नव्या गाडीवर सहा लाख तिथेच जातात. पुण्या-मुंबईची जुनी गाडी घेतली तर तो कर आधीच्या मालकाने भरलेला असतो. दिल्लीची गाडी मात्र स्वस्त दिसते म्हणून भुलू नका. तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) 2015 साली बंदी घातली, त्यामुळे भाव पडलेले असतात. ती इकडे आणली की एनओसी, पासिंग आणि कर सगळं नव्याने.

आता फॉर्च्युनरच्या बाजूने जे आहे ते आधी मोकळ्या मनाने सांगतो, कारण ते भरपूर आहे.

टायर. फॉर्च्युनरच्या वरच्या मॉडेलांना 265/60 आर18 येतो, जर्मन गाड्यांच्या या वर्गात 235/55 आर19 सर्रास दिसतो. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची ते. गणित करा: रिमपासून जमिनीपर्यंत रबराची भिंत एकीकडे 159 मिलिमीटर, दुसरीकडे 129. तीन सेंटिमीटरचा हा फरक डांबरी रस्त्यावर कळत नाही, पण पऱ्हाटी (कपाशी) काढलेल्या वावराच्या कडेने गाडी घातली की कळतो. कापलेल्या पऱ्हाटीची आणि तुरीची खुंटं सुकली की खिळ्यासारखी होतात, आणि टायरच्या बगलेत घुसली तर पंक्चर निघत नाही, टायरच बदलावा लागतो. माझं एकदा तसं झालं. 19 इंचाचा तो साइज वरूडमध्ये कोणाकडे पडलेला नसतो. नागपूरहून मागवला तो दुसऱ्या दिवशी आला. फॉर्च्युनरच्या मागे खाली पूर्ण मापाची स्टेपनी लटकलेली असते. दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा बारीक चाकाची तात्पुरती स्टेपनी, 80 च्या वर पळवू नका म्हणणारी, किंवा मग हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे रनफ्लॅट टायर. कच्च्या रस्त्यावर रोजचं जाणं-येणं असेल तर एवढ्या एका मुद्द्यावर फॉर्च्युनर घेतली तरी मी काही म्हणणार नाही.

दुरुस्तीचंही तसंच. टोयोटाचं काम कुठेही होतं, मेकॅनिकला गाडी पाठ असते. जर्मन गाडी म्हणजे नागपूर, म्हणजे जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर आणि एक अख्खा दिवस. मी गाडी वाड्यात संत्र्याच्या गोदामाला लागून उभी करायचो. पहिल्याच हिवाळ्यात उंदरांनी बॉनेटखालचं वायरिंग कुरतडलं. त्याचं बिल पाहून घरचे गप्पच झाले. आता बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवतो आणि गाडी गोदामापासून लांब, उजेडात लावतो. तंबाखूने काही होतं का कोण जाणे, पण गाडी लांब लावल्याचा उपयोग झाला असं दिसतं.

रिसेलबद्दल बोलायलाच नको. फॉर्च्युनर सात-आठ वर्षांनी विकायला काढली तरी दारात माणसं येतात. आमच्या भागात जीएलसीला दुसरं गिऱ्हाईक शोधणं म्हणजे पुन्हा नागपूर.

आणि सात सीट. लग्नसराईत या गोष्टीची किंमत कळते. फक्त एवढं लक्षात ठेवा की फॉर्च्युनरची तिसरी रांग दुमडली की ती बाजूला टांगली जाते, त्यामुळे मागे संत्र्याचे कॅरेट ठेवायचे असले तर वाटते तेवढी जागा उरत नाही.

पावसाळ्यातल्या पांदणीचा, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेचा मुद्दा लोक हमखास काढतात. फॉर्च्युनरच्या फोर बाय फोरला लो रेंज, म्हणजे चिखलात हळू पण जास्त जोर देणारा गिअर आहे, जीएलसीच्या फोरमॅटिक किंवा एक्स3 च्या एक्सड्राइव्ह या चारचाकी ड्राइव्हला तो नाही. कागदावर फरक मोठा आहे. पण आमची काळी माती पाहिलेल्या माणसाला माहीत आहे, दोन चांगल्या सरी पडल्या की ती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि मग लो रेंज असो की हाय रेंज, गाडी धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे सरकत जाते. त्या दिवसांत वावरात जातो तो ट्रॅक्टर. आणि खरं सांगा, पन्नास लाखांची गाडी रोज बगिच्यात कोण घालतं? माझ्याकडे त्यासाठी जुनी बोलेरो आहे. तुमच्याकडे दुसरी गाडी नसेल आणि बगिचाही याच गाडीने पाहायचा असेल, तर इथेच वाचणं थांबवा आणि फॉर्च्युनर बुक करा. मी हे मनापासून सांगतो आहे.

आता ज्या गोष्टीवरून माझं ठरलं ती सांगतो.

चुलतभावाची फॉर्च्युनर आमच्याकडे काही दिवस होती. मला चालवायला ती आवडली. उंचावर बसल्यावर समोरचा ट्रकसुद्धा आपलाच वाटतो. पण आमच्या घरात गाडीचा खरा उपयोग आईसाठी होतो. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. नागपूरच्या डॉक्टरकडे, अमरावतीला बहिणीकडे, शेगावला दर्शनाला, ही तिची ठरलेली जाणी-येणी. पहिल्या दिवशी ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. एक हात वरच्या मुठीला, दुसऱ्या हाताने लुगडं सावरलेलं, डावा पाय फूटबोर्डवर ठेवला आणि तिथेच थांबली. उजवा पाय जमिनीवरून सुटेचना. "मले नाही चढाले जमत गा बाबू, थे गाडी भल्ली उच्ची हाये," म्हणाली. मग बायकोने मागून आधार दिला, मी आतून हात धरला, तेव्हा कुठे ती बसली. उतरताना तर आणखी वाईट, कारण उतरताना पाय कुठे टेकेल ते दिसत नाही.

उपाय म्हणून आम्ही प्लॅस्टिकचा एक स्टूल गाडीत टाकला. दार उघडायचं, डिकी उघडायची, स्टूल काढायचा, जमीन सपाट आहे का पाहायचं, ठेवायचा, आईला चढवायचं, स्टूल परत डिकीत. पंपावर, धाब्यावर, दवाखान्याच्या दारात मागे हॉर्न वाजत असताना, दर वेळी हेच. शेगावला पार्किंगमध्ये तो स्टूल आम्ही विसरलो आणि परतीला बडनेऱ्यापर्यंत ती उतरलीच नाही. चहालासुद्धा नाही. काच खाली करून तिला कप आत दिला. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण वर्षभर रोज हेच करायचं आहे असं डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. यात गाडीचा दोष म्हणता येणार नाही. ती उंची हेच तिचं बळ आहे, ती तशाच रस्त्यांसाठी बनलेली आहे.

जीएलसी पाहायला गेलो तेव्हा आईला सोबत नेलं. ती दाराशी गेली, वळली, आधी बसली आणि मग दोन्ही पाय आत घेतले. खाटेवर बसतात तशी. कोणी हात दिला नाही. विकणारा इंजिनाबद्दल काहीतरी सांगत होता, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

दुसरी गोष्ट बसल्यानंतरची. फॉर्च्युनर लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या शिडीवजा सांगाड्यावर आहे आणि तिचा मागचा अ‍ॅक्सल सलग आहे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्या बाजूलाही हेलकावा येतो, आणि गाडीत माणसं कमी असली की मागचं जास्तच उडतं. सात माणसं बसवली तर हीच गाडी शहाण्यासारखी चालते, हेही खरं. जीएलसी, एक्स3, क्यू5 या सगळ्यांची मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात, ज्याचा त्याचा खड्डा ज्याचा तो सोसतो. ठिगळं लावलेल्या रस्त्यावर आईला फॉर्च्युनरमध्ये मळमळायचं. ती पदराला लिंबू बांधून घ्यायची. आता ती काटोलपर्यंत झोपते. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे. समृद्धीवर 120 ने जाताना फरक आणखी जाणवतो. तिथे जर्मन गाडी जमिनीला धरून राहते आणि ड्रायव्हरलाही थकवा कमी येतो.

बाकी काही गोष्टी उडत उडत. मे महिन्यात 45 च्या वर पारा गेला की फॉर्च्युनरचा एसी जास्त लवकर पोचतो असं माझं मत. मागच्यांसाठी छतातून येणारी हवा ही आपल्याकडे फार कामाची गोष्ट आहे. उलट जर्मन गाड्यांचं ते मोठं काचेचं छत विदर्भात कशासाठी हवं, मला समजलं नाही. आमचा पडदा होळीपासून मृगापर्यंत बंदच असतो. गावातल्या गतिरोधकांवर जीएलसी घासेल अशी भीती होती, पण या वर्गातल्या गाड्या जमिनीपासून दोनशे मिलिमीटरच्या आसपास उंच असतात. तिरपी घेतली की निघते. डिझेल जीएलसीला अ‍ॅडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रव, वेगळं भरावं लागतं. बीएस6 ट्रकांमुळे ते आता हायवेच्या पंपांवर मिळतं, त्याची काळजी करू नका. काळजी डीपीएफची, म्हणजे डिझेलची काजळी अडवणाऱ्या फिल्टरची करा. गाडी महिनाभर घर ते बाजार एवढीच फिरवली तर फिल्टर भरतो आणि दिवा लागतो. अधूनमधून नागपूरपर्यंत मोकळी पळवली की काजळी जळून जाते. हे फॉर्च्युनरलाही लागू आहे.

एक गोष्ट मोजता येत नाही, पण सांगायला हवी. फॉर्च्युनर दारात उभी राहिली की गावात लोक विचारतात, औंदा निवडणुकीत कोणत्या सर्कलमधून उभं राहता? काहींना ते आवडतं, आणि टोलनाक्यावर त्याचा थोडा उपयोगही होत असेल. जीएलसीकडे पाहून आमच्याकडे कोणी काही विचारत नाही. बऱ्याच जणांना ती किती लाखांची ते कळतही नाही. मला ते बरं वाटतं.

तर मी तीन वर्षं चाललेली, पुणे पासिंगची जीएलसी 220डी घेतली. एक्स3 चालवायला हिच्याहून मजेदार आहे, आणि आई मागे बसणार नसती तर कदाचित तीच आली असती. क्यू5 आपल्याकडे बीएस6 लागू झाल्यापासून, म्हणजे एप्रिल 2020 पासून, फक्त पेट्रोलमध्ये आहे. ज्याचं फिरणं कमी आहे त्याने तिचा विचार जरूर करावा, डीपीएफची कटकटच नाही.

पाहायला जाल तेव्हा विकणारा तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावर फिरवेल आणि पुढच्या सीटवर बसवेल. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा आणि त्याला मागे बसवा. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, ते वाचा: 2322 असेल तर 2022 सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर जुने असतील तर तेवढे पैसे सौद्यातून कमी करून घ्या. डिकीचा गालिचा उचलून स्टेपनी आहे की नुसता पंप आहे ते पाहा. सर्व्हिसची नोंद कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपची असेल तरच पुढे बोला, आणि वाढीव वॉरंटी मिळत नसेल तर ती गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्या. विम्यात झिरो डेप (म्हणजे दाव्यात सुट्या भागांचा घसारा कापत नाहीत) आणि इंजिनाचं कव्हर आहे का बघा, आणि उंदरांनी केलेलं नुकसान त्यात धरतात का, ते एजंटकडून लिहून घ्या.