वर्षभर कम्युनिटी रेडिओचे टॉक शो ऐकले, त्याबद्दल

गेलं वर्षभर मी कम्युनिटी रेडिओचे, म्हणजे एखाद्या भागातल्या लोकांनीच आपल्या भागासाठी चालवलेल्या छोट्या स्टेशनांचे, टॉक शो नियमाने ऐकतेय, जवळच्या स्टेशनचे साध्या रेडिओवर आणि लांबच्यांचे इंटरनेट स्ट्रीमवर, आणि चर्चा ऐकायची असेल तर मला तरी यापेक्षा चांगली जागा सापडलेली नाही. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते शेवटी सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे इथे माणसाला बोलू देतात. टीव्हीवर वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरा ओरडायला लागतो. इथला एक एपिसोड मला कायम आठवतो, विषय काय तर बसस्टॉप पुढे सरकवलाय. स्टुडिओत वाहतूक खात्याचे एक अधिकारी होते, ते म्हणाले फार काही नाही हो, थोडंच अंतर आहे. मग एका आजींचा फोन लागला. त्या म्हणाल्या, मी पावलं मोजलीत, ३१२ होतात, आणि मधे दोनदा भिंतीला टेकावं लागतं. यावर होस्ट काहीच बोलली नाही, तीन-चार सेकंद नुसती शांतता, आणि मग ते अधिकारीच म्हणाले की मी स्वतः चालून बघतो. पुढच्या आठवड्यात ते खरंच चालून आले होते! स्टॉप काही मागे आला नाही पण वाटेत बसायला बाक आला. मोठ्या चॅनलवर ३१२ पावलांची बातमी कोण करणार सांगा.

हे का जमतं यावर मी बराच विचार केला आणि मला वाटतं कारण या स्टेशनांच्या सिग्नलची ताकद कमी आहे हेच. अमेरिकेत २००० साली लो पॉवर एफएम नावाचा लायसन्सचा प्रकार सुरू झाला, त्यात ट्रान्समिशनची कमाल ताकद १०० वॉट, म्हणजे सिग्नल साधारण साडेपाच किलोमीटर जातो, तिथलीच मोठी एफएम स्टेशनं १ लाख वॉटपर्यंत जातात. आधी मला ही उणीव वाटायची. पण बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो असे तिघंही त्याच साडेपाच किलोमीटरात राहतात, उद्या रस्त्यात एकमेकांसमोर येणार आहेत, त्यामुळे थाप मारून निघून जायची सोय नाही.

दुसरं म्हणजे पैसा कुठून येतो. १९४९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत लुईस हिल आणि त्याच्या युद्धविरोधी सहकाऱ्यांनी केपीएफए नावाचं रेडिओ स्टेशन सुरू केलं, जाहिराती न घेता श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं, आणि ते आजही चालू आहे. बोलिव्हियात तर खाणकामगारांनी स्वतःच्या पगारातून पैसे काढून स्टेशनं चालवली. जाहिरातदार सांभाळायचा नसला की तासभर एकाच विषयावर थांबता येतं, हा फरक कानाला पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

पुस्तकांच्या कार्यक्रमांबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. लेखकाला बोलावून "प्रेरणा कुठून मिळाली" विचारणारे एपिसोड मी आता सरळ सोडून देते. पण वाचकांना बोलावतात ते एपिसोड अफाट असतात. स्थलांतरावरच्या एका पुस्तकावर बोलायला एक ट्रक ड्रायव्हर आला होता, त्याने पुस्तकातलं एकच पान घेतलं, घर सोडतानाचं, आणि हे असं होत नाही, निघताना माणूस मागे बघतच नाही कारण बघितलं तर पाय निघत नाही, असं म्हणून स्वतःचं निघणं सांगितलं. सात-आठ मिनिटं तो एकटाच बोलत होता आणि मी हातातलं काम सोडून बसले होते. पुस्तक मी नंतर वाचलं, त्या पानाशी आल्यावर त्याचाच आवाज ऐकू येत होता.

नवीन ऐकणाऱ्यांना एक सांगते, पहिले दोन एपिसोड कंटाळवाणे वाटतील. होस्ट बहुतेक ठिकाणी व्हॉलंटियर असतात, अडखळतात, माइकचा आवाज वरखाली होतो, आणि तेच ते पाच-सहा कॉलर दर आठवड्याला येतात. तिसऱ्या-चौथ्यापासून ते कॉलर ओळखीचे होतात आणि मग सुटत नाही.

आता तो अर्धा स्टार. जुने एपिसोड सापडत नाहीत! काही स्टेशनं नीट तारीख-विषय लिहून ठेवतात, काही ठिकाणी फाईलला नुसता नंबर, आणि काही ठिकाणी रेकॉर्डिंगच नाही. बसस्टॉपचा तो एपिसोड मला बहिणीला ऐकवायचा होता म्हणून मी स्टेशनला फोन केला, तर कळलं की हार्ड डिस्क भरली म्हणून सहा महिन्यांपूर्वीचं सगळं पुसलं. आजींचा आवाज गेला. राग त्या पोरांवर नाही, त्यांच्याकडे खरंच जागा नव्हती, पण वाईट फार वाटलं. तेव्हापासून आवडीचा शो लागला की मी फोनवर रेकॉर्डिंग लावते आणि फाईलला विषयाचं नाव देते, आतापर्यंत ४३ एपिसोड झालेत, स्टेशनला हवे असतील तर कॉपी करून द्यायला तयार आहे असं त्यांना कळवलंय.