‘ॲट फिलमोर ईस्ट’: उत्स्फूर्त वादनामागची बैठक

ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकन रॉक बँडचा ‘ॲट फिलमोर ईस्ट’ हा दुहेरी अल्बम जुलै १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉक बँडच्या मंचावरील उत्स्फूर्त वादनाचा विषय निघाला की आजही ज्या अल्बमची नावे आधी घेतली जातात, त्यांत तो असतोच. हा मान त्याला वादनाच्या लांबीमुळे मिळालेला नाही. त्या काळात एकच गाणे वीस-वीस मिनिटे ताणणारे बँड कमी नव्हते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे वादन आज ऐकताना लक्ष घड्याळाकडे जाते. इथे ते जात नाही, याचे कारण माझ्या मते असे की या बँडमधील प्रत्येक जण मोकळी जागा मिळताच आपण ज्या संगीतात वाढलो त्याच संगीतात बोलू लागतो, आणि ती संगीते एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत.

न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या मैफलींच्या सभागृहात १२ आणि १३ मार्च १९७१ या दोन रात्रींत हे ध्वनिमुद्रण झाले. निर्माते टॉम डाउड यांनी त्याआधी अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीत जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि गायक रे चार्ल्स यांच्यासारख्यांचे संगीत मुद्रित केले होते, त्यामुळे जॅझच्या वादकांचे कान कसे चालतात याची त्यांना चांगली जाण होती. पहिल्या रात्री मंचावर फुंकवाद्ये वाजवणारे पाहुणेही होते. डाउड यांना ती भर रुचली नाही आणि मूळ अल्बममध्ये ती ठेवली गेली नाही. हा निर्णय योग्यच होता, कारण दोन गिटार, ऑर्गन, बास आणि दोन ड्रमवादक यांच्या संवादात आणखी कुणाला बोलायला जागाच उरत नाही.

सुरुवात ‘स्टेट्सबोरो ब्लूज’ने होते. ब्लाइंड विली मॅकटेल यांनी १९२८ मध्ये गायलेले हे गाणे बँडचे गिटारवादक ड्वेन ऑलमन यांच्या हाती येते तेव्हा त्यांच्या बोटात अडकवलेली औषधाची काचेची बाटली तारांवर सरकत असते आणि स्वर तारेवरून माणसाच्या आवाजासारखे घसरत जातात. ड्वेन यांनी अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत इतर गायकांच्या साथीला गिटार वाजवली होती, आणि गायकाच्या दोन ओळींमधल्या फटीत नेमके काय व किती वाजवायचे ही तिथली शिस्त इथे पदोपदी जाणवते. पुढचे ‘डन समबडी राँग’ नेटके आहे, त्याहून अधिक काही नाही. ‘स्टॉर्मी मंडे’ मात्र थांबून ऐकावे. संथ ब्लूज चालू असताना ड्वेन यांचे भाऊ ग्रेग ऑलमन यांच्या ऑर्गनच्या वेळी लय अलगद तीनच्या झोक्यावर जाते आणि काही काळ आपण जॅझच्या मैफलीत असतो.

अल्बमचा गाभा ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ या, बँडचे दुसरे गिटारवादक डिकी बेट्स यांच्या शब्दविरहित रचनेत आहे. ब्लूजमध्ये बारा मापांच्या (बार) ठरलेल्या वाटेवरून स्वरसंघ (कॉर्ड) बदलत जातात. इथे एकल वादन जवळजवळ एकाच जागी उभे राहून होते, आणि त्याचे स्वर काफी थाटाशी जुळणारे आहेत. ही पद्धत ड्वेन यांनी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन यांच्याकडून, विशेषतः १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधून घेतली, असे ते स्वतः सांगत. ते संगीत बँडमध्ये आणण्यात ड्रमवादक जेमो यांचा मोठा वाटा होता. बेट्स यांचे बालपण मात्र कंट्री आणि वेस्टर्न स्विंगच्या घरगुती तंतुवाद्यांत गेले होते. त्यामुळे दोन गिटार मुख्य धून जोडीने वाजवतात तेव्हा त्यांतले तिसऱ्या स्वराचे अंतर फिडलच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या) जोडीची आठवण करून देते, आणि त्यानंतर एकल वादनात बेट्स गोड, स्पष्ट, गुणगुणता येईल अशी वाक्ये रचतात, तर ड्वेन तोच स्वरसमूह सॅक्सोफोनच्या श्वासाने लांबवत नेतात.

‘व्हिपिंग पोस्ट’ १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये पाच मिनिटांच्या थोडे वर होते. इथे ते सुमारे तेवीस मिनिटांचे आहे. बेरी ओकली यांच्या बासने सुरू होणारे अकरा मात्रांचे आवर्तन तीन-तीन-तीन-दोन असे विभागलेले आहे. गंमत म्हणजे गाणे रचणाऱ्या ग्रेग यांना ते अकराचे आहे हे त्यांच्या भावाने सांगितले; त्यांच्या लेखी तो फक्त उडी मारण्यापूर्वीचा झोका होता. मधल्या भागात लय जवळजवळ विरून जाते आणि वादक एकमेकांची चाहूल घेत पुढे सरकतात. दोन ड्रमवादकांपैकी बुच ट्रक्स गाडा ओढतात आणि जेमो त्याभोवती नक्षी काढतात, ही विभागणी हेडफोनवर फार स्पष्ट कळते.

उणीव काढायचीच तर ती ‘यू डोन्ट लव्ह मी’मध्ये आहे. एकोणीस मिनिटांचे हे वादन दोन वेगळ्या प्रयोगांचे भाग जोडून तयार झाले, आणि मध्यंतरी, ड्वेन साथीशिवाय वाजवू लागण्यापूर्वी, ते काहीसे भरकटते. ग्रेटफुल डेड या दुसऱ्या अमेरिकन रॉक बँडच्या वादनातही असे भरकटणे येते, पण तिथे त्याला वेगळा अर्थ असतो. त्यांचे गिटारवादक जेरी गार्सिया यांची ब्लूग्रास या लोकशैलीतल्या बँजोची सवय आणि बासवादक फिल लेश यांचे आधुनिक रचनासंगीताचे शिक्षण यांमुळे त्या बँडला वाट हरवण्यातच रस असे. ऑलमन बंधूंची मुळे ब्लूजमध्ये खोल असल्याने त्यांच्याकडून आपण समेवर परतण्याची अपेक्षा करतो, आणि ती लांबली की कान कंटाळतो.

२०१४ मध्ये आलेल्या सहा सीडींच्या संचात मार्चच्या त्या दोन रात्रींचे चारही प्रयोग आणि २७ जूनचा, फिलमोर ईस्ट बंद होतानाचा, प्रयोग आहे. नवख्या श्रोत्याला तो जड जाईल. त्याने मूळ अल्बमच घ्यावा. जो स्वतः एखादे वाद्य वाजवतो त्याने मात्र हा संच घेऊन ‘एलिझाबेथ रीड’ची वेगवेगळी वादने लागोपाठ ऐकावीत. गिटारवरची आवाज कमी-जास्त करण्याची कळ हळूहळू फिरवत बेट्स जो व्हायोलिनसारखा आरंभ करतात तो दर वेळी ओळखीचा आहे, जोडीची धूनही तीच आहे. त्यानंतरचे एकल वादन मात्र दर खेपेस वेगळ्या दाराने आत शिरते.