रामबागमधला छोट्यांचा खेळवर्ग: नक्की पाठवा, पण सकाळच्या बॅचला

इंदूरमध्ये एवढ्या लहान मुलांसाठी मराठीतून काही चालतं हेच बऱ्याच जणांना माहीत नाहीये म्हणून लिहितेय. रामबागमध्ये एका ताईंच्या घरी खालच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार हा वर्ग असतो, दोन ते साडेतीन वर्षांची मुलं, सोबत आई, बाबा, आजी कोणीतरी बसायचंच. फी महिन्याला ८०० रुपये. एबीसीडी, आकडे पाठ करून घेणं असलं काही नाही आणि मला हेच सगळ्यात आवडलं.

सगळा भर ऐकण्यावर आणि लक्षात ठेवण्यावर. ताटात तीन वस्तू, चमचा, चेंडू, कंगवा, मुलांनी हातात घेऊन नावं घ्यायची, मग वरून ओढणी टाकतात आणि ताई एक वस्तू हळूच काढून घेतात. काय गेलं? जमलं तर चार वस्तू, नाही जमलं तर दोनच. आणि कोणी "अगं सांग ना, सांग ना" करत मुलीच्या मागे लागलं की ताई त्या आईलाच थांबवतात. विचारलं की मनात दहापर्यंत मोजायचं आणि तोवर गप्प बसायचं, कारण या वयात ऐकलेलं समजून उत्तर तोंडात यायला वेळ लागतो, आपण मधेच वेगळ्या शब्दांत परत विचारलं की पोराला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. या एका गोष्टीसाठीसुद्धा फी वसूल आहे.

आवाजाच्या डब्याही मस्त. स्टीलच्या छोट्या डब्या, दोनांत तांदूळ, दोनांत राजमा, दोनांत घुंगरू, कानाशी हलवून जोडी लावायची. झाकणं टेपने पक्की बंद असतात, मी स्वतः ओढून बघितली, घरी करणार असाल तर हे आधी बघा, राजमा घशात अडकला तर जिवावर बेतू शकतं.

मग "बाहुली उचल आणि आजीला दे" अशी दोन कामं एकदम सांगतात, पण बोट न दाखवता, कारण बोट दाखवलं की मूल बोटाकडे बघतं, ऐकत नाही. गाणं थांबलं की पुतळा होणं तर सगळ्यांचंच आवडतं. आमची चिऊ आता कचरागाडीचं गाणं दोन गल्ल्या लांब असतानाच ओळखते आणि डस्टबिनकडे धावते.

फोन बाहेर ठेवावा लागतो, ते बरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्येच सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, कमी असेल तर उत्तमच. एक मुलगा हाका मारूनही वळत नव्हता, तर ताईंनी आधी कान तपासून घ्या म्हणून सांगितलं, सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येऊ शकतं. असं कोण सांगतं हो?

तक्रार एकच, संध्याकाळची बॅच. मुलं फार, हॉल घुमतो, वरून कूलरची घरघर. गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं छोट्यांना मोठ्यांपेक्षा जड जातं आणि इथे तर ऐकायलाच शिकवायचंय. सकाळी मुलं कमी असतात आणि तेच खेळ दुप्पट रंगतात. ताई, संध्याकाळच्या बॅचचे दोन भाग करा ना, आम्ही थोडी जास्त फी द्यायला तयार आहोत.