परदेशी उपचारांची निवड अभ्यासायची आहे? एसईएम, चॉईस प्रयोग की प्रत्यक्ष नोंदी

रुग्ण उपचारासाठी परदेश का निवडतात, या विषयात नव्याने उतरणारे बरेच जण एसईएम (स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग, म्हणजे मतांमधले संबंध एकत्र तपासणारी संख्याशास्त्रीय पद्धत) धरतात, कारण लायकर्ट मापनीची (१ ते ५ गुणांत सहमती विचारणारी) प्रश्नावली पटकन तयार होते. विश्वास, गुणवत्तेबद्दलचं मत आणि जाण्याचा इरादा यांचा परस्परसंबंध तिथे चांगला उलगडतो. अडचण अशी की खर्च, डॉक्टरांचा अनुभव, प्रतीक्षा, सगळ्यालाच ४ किंवा ५ गुण पडतात. रुग्ण कशासाठी काय सोडायला तयार आहे, हे कळतच नाही. मॉडेल आकडेवारीशी किती जुळतं हे सांगणारा सीएफआय निर्देशांक ०.९५ च्या वर गेला तरी नाही.

तेच मोजायचं असेल तर डिस्क्रीट चॉईस प्रयोग करावा, म्हणजे रुग्णापुढे काल्पनिक पर्याय ठेवून त्यातला एक निवडायला सांगावा. समजा पाच घटक आहेत: खर्चाचे ४ स्तर, प्रतीक्षा, मानांकन आणि प्रवासाचे तास यांचे प्रत्येकी ३, मायदेशी परतल्यावर पुढची तपासणी मिळेल की नाही याचे २. स्तरांचे एकूण २१६ संयोग होतात. ते सगळे कोणी विचारत नाही. डी-एफिशियंट आराखड्यातून (कमी प्रश्नांत जास्तीत जास्त माहिती देणाऱ्या मांडणीतून) २० प्रश्न काढून १०-१० चे दोन गट करावेत आणि प्रत्येक रुग्णाला एकच गट द्यावा. प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय आणि ‘परदेशी जाणार नाही’ हा तिसरा. हा तिसरा गाळला की जाणाऱ्यांचं प्रमाण फुगतं. ५०० × ४ ÷ (१० × २) या ढोबळ सूत्राने (४ हे सर्वाधिक स्तर, १० प्रश्न, २ पर्याय) किमान १०० जण लागतात, पण उपगटांची तुलना करायची तर एवढ्यावर भागत नाही.

विश्लेषणात साधं कंडिशनल लॉजिट हे निवडीचं मॉडेल (मॅकफॅडन, १९७४) सगळ्यांची आवड एकसारखी धरतं. मिक्स्ड लॉजिट माणसामाणसातला फरक पकडतं. मात्र त्यात खर्चाच्या गुणकाला (निवडीवरचा खर्चाचा परिणाम सांगणाऱ्या आकड्याला) नॉर्मल वितरण देऊ नये: ‘किती पैसे मोजायला तयार’ हे दुसऱ्या घटकाच्या गुणकाला खर्चाच्या गुणकाने भागून काढतात, त्यामुळे छेद शून्याजवळ गेला की उत्तरं भरकटतात. गुणक स्थिर ठेवावा किंवा ऋण लॉगनॉर्मल (कायम शून्याखालीच राहणारा) घ्यावा. उदाहरणार्थ, खर्चाचा गुणक दर हजार डॉलरला −०.४ आणि प्रतीक्षेचा दर महिन्याला −०.१ असेल, तर एका महिन्याची प्रतीक्षा टाळण्याची किंमत २५० डॉलर.

रुग्णालयांच्या नोंदींत खरं वागणं दिसतं, पण रुग्णाने कोणते पर्याय विचारात घेऊन नाकारले ते दिसत नाही. त्यात नावाजलेली रुग्णालयं महागही असतात. नावलौकिक मॉडेलबाहेर राहिला की खर्चाचा गुणक चक्क धन येऊ शकतो. फक्त देशवार आकडे हाती असतील तर ग्रॅव्हिटी मॉडेल (दोन देशांचा आकार आणि अंतर यांवरून ये-जा मोजणारं) पुरे. तिथे लॉग घेऊन एकही रुग्ण न गेलेल्या देशांच्या जोड्या गमावण्यापेक्षा पीपीएमएल (शून्यंही सामावून घेणारी पॉइसाँ पद्धत) वापरावं.

पद्धत कोणतीही असो, परदेशी रुग्णालयातच फॉर्म वाटले तर न गेलेले लोक नमुन्यात येतच नाहीत, आणि ‘कोण जातं’ हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. त्याच आजाराचे, मायदेशीच उपचार घेतलेले रुग्ण जोडा. दोन्ही गटांचं लोकसंख्येतलं खरं प्रमाण माहीत असेल तर भारांकन करा (त्या प्रमाणात उत्तरांना वजन द्या). पैसा एकाच पाहणीपुरता असेल, तर आमचा कौल या दोन्ही गटांतल्या रुग्णांवरच्या चॉईस प्रयोगाला.